मॅडम, मांडी कधी घालता येईल?

गुडघ्याची वाटी फुटलेला पेशंट माझ्यापर्यंत येतो तेव्हा हाडाबद्दल विचारायचं ते त्यानं विचारून झालेलं असतं. हाड जुळायला किती आठवडे, तार काढावी लागेल का, हे सगळं ऑर्थोपेडिक सर्जनकडं बोलून झालेलं असतं. मला तो वेगळंच विचारतो. ‘मॅडम, मांडी कधी घालता येईल?’ शेतकरी असला तर ‘उकिडवं बसाय येईल न्हवं?’ आणि तालमीतला पोरगा असला तर ‘बैठका कधी सुरू करू?’ कोल्हापुरात फिजिओथेरपी करताना हेच तीन प्रश्न मी सगळ्यात जास्त ऐकत आले आहे, आणि माझ्या कामाची दिशा त्यांनीच ठरवली.

कोल्हापूर आणि भोवतालचा मुलूख अजून जमिनीवर बसतो. अंबाबाईच्या देवळातला जप, गावच्या लग्नातली पंगत, मंडईत पोत्यावर मांडलेली भाजी, शेतातली भांगलण, पहाटे म्हशीची धार, या सगळ्याला गुडघा पुरता मिटावा लागतो. चालताना गुडघा साधारण 60 ते 65 अंश वाकतो. जिना चढायला 85-90 लागतात, खुर्चीतून उठायला त्याहून थोडे जास्त. उकिडवं बसायचं तर 130 च्या पुढं जावं लागतं. खुर्ची-टेबलावर जगणाऱ्या देशांत लिहिलेल्या पुस्तकांत 120 अंशांना निकाल चांगला म्हणतात. तो चांगला निकाल घेऊन माणूस पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आपल्या वाडीवर गेला, तर त्याला धार काढता येत नाही.

वाटी हे आपल्या शरीरातलं एक वेगळंच हाड आहे. स्नायूच्या कंडरेच्या आतच तयार होणारी जी हाडं असतात, त्यांतलं ते सगळ्यात मोठं. तान्ह्या मुलाची वाटी नुसत्या कूर्चेची असते; तिच्यात हाड धरायला लागतं ते तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान. मांडीचा पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, वरून वाटीला येऊन मिळतो आणि वाटीच्या खालून निघालेला जाड पट्टा नडगीच्या हाडाला धरतो. या साखळीमुळं गुडघा सरळ होतो. वाटी स्नायूची ओढ सांध्यापासून थोडी पुढं ठेवते, म्हणून तेवढ्याच ताकदीत जास्त काम होतं. तिच्या मागच्या बाजूची कूर्चा शरीरातल्या कुठल्याही सांध्यापेक्षा जाड असते, काही ठिकाणी पाच मिलिमीटरपर्यंत. ती उगीच जाड नाही. सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा दाब येतो, जिन्यावर तो वजनाच्या तिपटीच्या पुढं जातो आणि खोल बैठकीत सात-आठ पटींवर. तालमीतला 90 किलोचा पैलवान एका मागून एक बैठका मारतो तेव्हा त्याच्या दोन वाट्या काय सोसत असतील, याचा हिशेब मी पहिल्यांदा मांडला त्या दिवशी मला पैलवानांबद्दल नव्यानं आदर वाटला.

वाटी फुटण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक सरळ मार बसून. आमच्याकडं गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, अंधारात रस्त्याकडेला उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळलेली मोटारसायकल, मोटारीच्या डॅशबोर्डवर आपटलेला गुडघा, पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर घसरून गुडघ्यावर पडलेली बाई. यात बहुतेकदा वाटीचे तुकडे होतात. दुसरी तऱ्हा लोकांना पटकन पटत नाही. पायरी चुकते, तोल जातो, सावरायला मांडीचा स्नायू एकदम जोरात आवळतो आणि त्या ओढीनंच वाटी मधोमध आडवी तुटते. हाड आधी तुटतं आणि माणूस नंतर पडतो. जोतिबाच्या पायऱ्या उतरताना असं झालेल्या एका शिक्षकांनी मला सांगितलं, ‘पडायच्या आधी आतून काडकन आवाज आला, पण घरात कुणी विश्वास ठेवंना.’ मी विश्वास ठेवला, कारण त्यांच्या एक्स-रेत वाटीचे दोन भाग एकमेकांपासून चांगले बोटभर लांब गेलेले होते. वरचा तुकडा स्नायूनं वर ओढून नेला होता.

इथं एक साधी तपासणी फार मोलाची. माणसाला पाठीवर निजवायचं आणि गुडघा सरळ ठेवून टाच उचलायला सांगायचं. टाच उचलली गेली तर साखळी शाबूत आहे. नाही उचलली, तर ती बहुतेकदा तुटलेली असते. तुकडे सरकलेले नसतील आणि टाच उचलता येत असेल, तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. चार ते सहा आठवडे पाय सरळ ठेवणारं प्लास्टर किंवा ब्रेस पुरतो. तुकड्यांमधलं अंतर किंवा मागच्या पृष्ठभागातली उंचसखल पायरी दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली, किंवा टाच उचलतच नसेल, तर ऑपरेशन. (शाहू स्टेडियमवर खेळणारा एक तरुण फुटबॉलपटू वाटी ‘फुटली’ म्हणून रडवेला होऊन आला होता. त्याची वाटी लहानपणापासूनच दोन भागांची होती. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातला तुकडा, गुळगुळीत कडा, आणि दुसऱ्या गुडघ्यातही तसाच. शंभरात एखाद-दुसऱ्याचं असं असतं. त्याला फक्त मुका मार होता, पुढच्या आठवड्यात तो सरावाला गेला.)

ऑपरेशन म्हटलं की आमच्याकडं सगळ्यालाच ‘रॉड घातलाय’ म्हणतात. वाटीत रॉड नसतो. दोन सरळ, बारीक सळ्या (के-वायर) हाडातून उभ्या घालतात आणि वाटीच्या पुढच्या बाजूनं स्टीलची तार इंग्रजी आठच्या आकारात फिरवून पिळतात. टेन्शन बँड वायरिंग. वाटी तारेनं जोडायची कल्पना जुनी आहे. 1877 साली सर्जन जोसेफ लिस्टर यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये फुटलेली वाटी उघडून तारेनं बांधली. त्या काळी धडधाकट माणसाचा गुडघा उघडणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात ठेवण्यासारखं मानत, कारण सांध्यात पू झाला की पाय जायचा, नाहीतर जीव. कार्बोलिक ॲसिडनं जंतू मारता येतात यावर लिस्टरचा विश्वास होता म्हणून त्यांनी ते धाडस केलं. तार होती चांदीची.

ही गोष्ट मी हुपरीच्या एका मावशींना सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. हुपरी आणि आजूबाजूच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चांदीचे पैंजण आणि साखळ्या बनतात, आणि त्यातलं कड्या जोडायचं बारीक काम कितीतरी घरांत बायका करतात. या मावशी त्यांतल्याच. उंबऱ्याला अडखळून त्यांची उजवी वाटी आडवी तुटली होती. ऑपरेशन नीट झालं होतं, टाके काढून झाले होते. मुलगा त्यांना दोन्ही हातांवर उचलून माझ्या खोलीत घेऊन आला आणि त्यानं कॉटवर हळूच ठेवलं. मी विचारलं, ‘पाय टेकवत नाहीत का?’ मुलगा म्हणाला, ‘नाही मॅडम, लई जपतोय आम्ही.’

हे जपणंच मला सगळ्यात जास्त वेळ सोडवावं लागतं. मांडीचं हाड मोडलं तर पायावर वजन टाकायला मनाई असते, हे लोकांनी ऐकलेलं असतं, आणि तोच नियम ते वाटीला लावतात. पण उभं राहताना वजन मांडीच्या हाडातून नडगीत उतरतं. वाटी त्या वाटेवर नसतेच. ब्रेसनं गुडघा सरळ धरला असेल तर वाटीचे बहुतेक पेशंट ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच वॉकर घेऊन पाय टेकवू शकतात. मावशींच्या डिस्चार्ज कार्डावरही तसं लिहिलेलं होतं. घरात ते कुणी वाचलं नव्हतं. त्या दिवशी त्या स्वतःच्या पायांनी रिक्षापर्यंत गेल्या. मुलगा शेजारी हात पसरून चालला होता.

त्यांच्या मांडीवर मी टेप लावली. वाटीच्या वर एकाच अंतरावर दोन्ही मांड्या मोजल्या, तर उजवी स्पष्ट बारीक. दोन आठवड्यांत एवढी? मावशी घाबरल्या. मांडीचा स्नायू असा झरझर का वाळतो, याला एक कारण आहे जे मी प्रत्येकाला सांगते. गुडघ्यात थोडंसं पाणी जरी झालं, 20-30 मिलिलिटर, तरी शरीर आपणहून त्या स्नायूला जाणारा हुकूम कमी करतं. दुखऱ्या सांध्याचं रक्षण म्हणून ते घडतं, पण हाड जुळल्यावरही हा अडसर आपोआप निघत नाही. माणूस मनापासून जोर लावतो आणि मांडी हलत नाही. मग त्याला वाटतं, नस तुटली.

मावशींच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हटलं, ‘गुडघ्यानं टॉवेल खाली दाबा.’ त्यांनी श्वास रोखला, ओठ आवळले, पाऊल वर ताणलं, कमरेपासून सगळं अंग उचललं. मांडी तशीच मऊ. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मग मी त्यांचीच दोन बोटं घेऊन वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या अंगाला ठेवली. ‘आधी डाव्या मांडीवर करून बघा, बोटांखाली काय होतं ते ध्यानात घ्या. आता तेच उजवीत शोधा.’ आयुष्यभर बारीक कड्या चिमटीत धरलेली ती बोटं. मला डोळ्यांनी काही दिसण्याआधी त्या म्हणाल्या, ‘हाय मॅडम. जरा हललं.’ मी हात ठेवला तेव्हा मलाही कळलं. फार अंधुक, पण होतं. त्या दिवशी आम्ही बाकी काही केलं नाही. दर तासाला दहा वेळा दाबायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, एवढंच लिहून दिलं.

पुढची भीती तारेची. ‘गुडघा वाकवला आणि तार तुटली तर?’ इथं मी गुडघ्याच्या मॉडेलवर दाखवते. वाटी पुढून ओढली गेली की तुकडे पुढच्या बाजूनं उघडू बघतात. तार पुढच्या बाजूला असल्यामुळं ती तिथं उघडू देत नाही, आणि मग गुडघा वाकेल तसे तुकडे मागच्या, सांध्याच्या बाजूला एकमेकांवर दाबले जातात. जर्मन सर्जन फ्रीड्रिख पॉवेल्स यांनी हे तत्त्व मांडलं आणि स्वित्झर्लंडमधल्या एओ या हाडं जोडण्याच्या ऑपरेशनांवर काम करणाऱ्या गटाच्या सर्जननी ते जगभर पोचवलं. म्हणजे सर्जननी सांगितलेल्या मर्यादेत गुडघा वाकवला की तार हाड जुळवायला मदत करते. वाटीचा चुरा झाला असेल, हाड ठिसूळ असेल, तर ही मर्यादा वेगळी असते आणि ती सर्जनच ठरवतात. मी फोन करून विचारल्याशिवाय कुणाचा गुडघा वाकवत नाही. पण एकदा हे मॉडेल हातात घेऊन बघितलं की माणसाचा चेहरा सैल पडतो, आणि चेहरा सैल पडला की गुडघाही.

वाकवणं मोजायला माझ्याकडं गोनिओमीटर आहे, अंश दाखवणारा. मावशींनी स्वतःचं माप शोधलं. पालथं झोपून पाय दुमडायचा आणि टाच बैठकीपासून किती वीत राहते ते सुनेला मोजायला लावायचं. दोन विती, मग दीड, मग एक वीत चार बोटं. रोज संध्याकाळी सून मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. सहा आठवड्यांच्या एक्स-रेत हाड धरायला लागलेलं दिसलं, तेव्हा वाकणं 90 च्या आसपास होतं. तिथून मात्र ते अडलं. कितीही केलं तरी आठ-दहा दिवस तेवढंच. असं प्रत्येकाचं कधी ना कधी होतं. वाटीच्या भोवतीची आवरणं चिकटलेली असतात. अशा वेळी मी जोर लावून गुडघा मोडत नाही. काही ठिकाणी चार जण धरून वाकवतात, पेशंट किंचाळतो, आणि रात्री गुडघा फुगून पुन्हा मूळपदावर येतो. मी वाटी बोटांनी वरखाली, डावीउजवीकडं हळू सरकवते, शेक देते, सायकल लावते. लांबचा रस्ता आहे, पण सूज न आणता जातो.

घरच्यांची माया अन्नातून येते आणि तिला मी कधी नाही म्हणत नाही. पायाचं सूप वाटीला चिकटपणा आणतं असं सगळ्यांनाच वाटतं. त्यानं हाड जुळतं असं मी सांगू शकत नाही. पण मांसपेशी भरायला प्रथिनं लागतात, आणि सुपाबरोबर अंडी, डाळ, मटणही पोटात जात असेल तर माझी काही हरकत नसते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिणाऱ्यांना तर मी फक्त एवढंच सांगते, तंबाखू तेवढी सोडा. तंबाखूनं आणि सिगारेटनं हाड जुळायला उशीर लागतो, ही पक्की गोष्ट आहे.

तालमींचा विषय थोडा नाजूक आहे. कोल्हापूरच्या वस्तादांना मोडतोड नवीन नाही. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा त्यांच्या हाताखालून पिढ्यान्‌पिढ्या गेला आहे. राजर्षी शाहूंच्या काळात, 1912 साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाच्या सावलीत वाढलेल्या या शहरात कुस्ती आणि हाडवैद्यकी शेजारी शेजारी नांदल्या. पण ताजी फुटलेली वाटी तेल लावून चोळली तर तुकडे आणखी लांब जातात, आतलं रक्त वाढतं. अशी चोळलेली, टम्म फुगलेली वाटी घेऊन आठवड्यानं आलेली पोरं मी पाहिली आहेत आणि तेव्हा फार वाईट वाटतं. तरीही वस्तादांना मी विरोधी बाजूला उभं करत नाही. पोरगा माझं अर्धं ऐकतो, वस्तादांचं पुरं.

एका पैलवानाबरोबर त्याचे वस्ताद प्रत्येक वेळी यायचे. हाड जुळलं होतं, चालणं ठीक होतं, आणि पोरगा आखाड्यात उतरायला अधीर झाला होता. वस्तादांनी त्याला माझ्यासमोर लांग वर करायला लावली, दोन्ही मांड्या नुसत्या नजरेनं पाहिल्या आणि म्हणाले, ‘अजून न्हाई. उजवीला अजून चार महिने.’ मी टेप लावली. फरक तीन सेंटिमीटरांचा होता. मी त्याला हेच वेगळ्या शब्दांत सांगून थकले होते. मग आम्ही दोघांनी मिळून बैठकांचा क्रम ठरवला. आधी भिंतीला पाठ लावून थोडं खाली सरकून थांबायचं, मग खुर्चीपर्यंत, मग स्टुलापर्यंत, आणि खोल बैठक सगळ्यात शेवटी. वस्तादांनी तो क्रम तालमीतल्या फळ्यावर लिहून ठेवला. पोरगा वर्षभरानं मॅटवर उतरला.

वाटी पूर्ण काढून टाकलेले लोकही अधूनमधून भेटतात, बहुतेक वयस्कर. 1937 साली इंग्लंडमध्ये राल्फ ब्रुक यांनी असं मांडलं की वाटीचा काही उपयोग नाही, ती काढली तर गुडघा उलट बरा चालतो, आणि मग बरीच वर्षं फुटलेली वाटी सरसकट काढली जायची. पुढं मोजमापं झाली तेव्हा कळलं की वाटी गेली की गुडघा सरळ करायची ताकद कायमची घटते. एसटीत कंडक्टर राहिलेल्या एका काकांची वाटी तरुणपणी काढलेली. सपाटीवर रंकाळ्याला फेरी मारतात, पण जिना चढताना दर पायरीला चांगला पाय आधी. आज सर्जन शेवटच्या तुकड्यापर्यंत वाटी वाचवायला बघतात ते यासाठी.

वाचवलेल्या वाटीचंही सगळं पूर्वीसारखं होतं, असं मी कुणाला सांगत नाही. त्वचेखाली लगेच हाड असल्यामुळं तारेचं टोक टोचतं. हाड पक्कं झाल्यावर अनेकांना ती काढून घ्यावी लागते. गुडघा टेकून बसताना पुढं दुखणं कित्येकांना राहतं. मागची कूर्चा फाटली असेल तर पुढं सांधा झिजू शकतो. हुपरीच्या मावशी पाचव्या महिन्यात कामावर बसल्या. आधी उंच पाटावर, मग घडी घातलेल्या घोंगडीवर. फोन करून म्हणाल्या, ‘मॅडम, आज मांडी घालून बसलो. अर्ध्या तासानं पाय लांब करतो, पण बसलो.’ देवापुढं गुडघे टेकून वाकणं मात्र त्यांनी सोडलं. उभ्यानं हात जोडतात.

मला खरी काळजी वाटते ती लांबच्या माणसांची. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर आला, महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, आणि नुकतंच ऑपरेशन झालेले पेशंट गावांत अडकले. तेव्हा फोनवर व्यायाम घेतले. ज्यांच्या गावात रेंज होती त्यांचे. पण चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याच्या माणसाला पूर नसतानाही तेच अंतर आहे. ऑपरेशन शहरात होतं, आणि मग तो एसटीत आडवा पाय ठेवून तीन-तीन तास आठवड्याला कसा येणार? मजुरी बुडते, सोबतीच्या माणसाचीही बुडते. दोनदा येतो आणि बंद होतो. वर्षानं भेटतो तेव्हा हाड सुरेख जुळलेलं असतं आणि गुडघा 70 अंशांत थिजलेला. मग भूल देऊन सोडवायची किंवा दुर्बिणीतून चिकटलेलं मोकळं करायची वेळ येते. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस जरी फिजिओथेरपिस्ट बसला तरी यांतले कितीतरी गुडघे वाचतील.

तोवर अशा पेशंटला मी पहिल्याच भेटीत दोन कागद देते. एकावर व्यायाम चित्रांसह, मोठ्या अक्षरांत, आठवड्यावार. दुसरा घरातल्या एका माणसासाठी: संध्याकाळी टाच किती विती लांब राहते ते मोजून लिहायचं, आणि सलग आठ दिवस आकडा हलला नाही, जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. वीत सुनेनं मोजायची असेल तर शेवटपर्यंत सुनेनंच मोजायची, कारण प्रत्येकाच्या हाताची वीत वेगळी असते.